तळ्यांतली मासळी कोणाची?

भंडारदऱ्याचा जलाशय आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला आहे. राजूरच्या रस्त्यानें वर गेलें म्हणजे प्रवरेला अडविणारी ती प्रचंड भिंत दृष्टीस पडते. 1910 सालीं तिच्या कामास आरंभ झाला व 1926 सालीं तें पूर्णतेस गेलें. भिंतीची उंची सुमारें 270 फूट असून मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव तिला देण्यांत आलें. या पाण्यावर ऊंस कोठें पिकतो, वीज कशी होते, हें मुलांना ठाऊक असतें. परंतु त्याच पाण्यांतील मासे कोणीं, केव्हां व किती धरावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळविल्यावरही कांहीं विद्वान याच एका प्रश्नाच्या अभ्यासांत पुढचीं कित्येक वर्षें घालवितात. त्यांत अभ्यासण्याजोगें इतकें काय आहे, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम माशाचा स्वभाव पाहूं. मृगाचा पाऊस पडून ओढ्यानाल्यांस पहिलें गढूळ पाणी आलें कीं, कित्येक जातींचे मासे प्रवाहाच्या उलट वर चढूं लागतात. चढणीचे मासे म्हणून लोक ते हौसेनें धरतात. पण त्यांतील माद्यांच्या पोटीं अंडीं असतात. नदीवर धरण झालें म्हणजे ही वाटच बंद होते. शिवाय रोहू, कटला व मृगळ हे मासे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. सांचलेल्या पाण्यांत ते सहसा अंडीं घालीत नाहींत. 1957 सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओडिशांतील अंगुल येथें माशाच्याच मस्तकांतील एका ग्रंथीचा अर्क टोंचून अशा माशांना बंदिस्त पाण्यांत अंडीं घालावयास लाविलें. तेव्हांपासून मत्स्यबीज मुबलक करण्याची वाट मोकळी झाली. धरणांतून बोटाएवढीं पिलें, म्हणजे बोटुकली, आणून सोडतात तीं बहुधा अशाच कृत्रिम रीतीनें निपजलेलीं असतात.

आतां माणसाचा स्वभाव पाहूं. कारण खरा पेंच येथेंच आहे. समजा, एका तळ्याकांठीं वीस कुटुंबें मासेमारी करितात. त्यांतील एकानें बारीक भोंकांचें जाळें टाकून बोटुकली उपसली, तर त्यास आज चार पैसे मिळतात. हानि मात्र विसांत वांटली जाते. उलट एखाद्यानें पिलूं पाण्यांत परत सोडलें, तर तें उद्यां शेजाऱ्याच्या जाळ्यांत जाणार, असें भय त्यास वाटतें. मग शहाणा मनुष्यही म्हणतो, मीच कां थांबावें? अशा रीतीनें कोणीही दुष्ट नसतां तळें ओस पडतें. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें 1968 सालीं सामाईक कुरणाचा दृष्टान्त घेऊन हाच विचार मांडला. अशी संपत्ति एक तर सरकारनें सांभाळावी किंवा खाजगी मालकाच्या हातीं द्यावी, असें त्यावरून पुष्कळांस वाटूं लागलें.

या मतास विदुषी एलिनॉर ऑस्ट्रम यांनीं उत्तर दिलें. तर्कावर न थांबतां ठिकठिकाणचे लोक प्रत्यक्षांत काय करितात, हें त्यांनीं तपासलें. तुर्कस्तानांतील अलान्या गांवचे कोळी दर सप्टेंबरांत मासेमारीच्या जागांसाठीं चिठ्ठ्या टाकीत असत. जानेवारीपर्यंत प्रत्येकजण रोज एक जागा पूर्वेकडे सरकत असे व पुढें उलट दिशेनें येत असे. यामुळें चांगली जागा प्रत्येकाच्या वांट्यास येई आणि भांडणास कारण उरत नसे. त्यांच्या 1990 सालच्या ग्रंथांत अशीं अनेक उदाहरणें आहेत. 2009 सालीं त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांच्या मतें आवश्यक असणाऱ्या गोष्टींपैकीं चार अशा: पाण्यावर हक्क कोणाचा हें ठरलेलें असावें, नियम पाळणारांनींच ते करावे, देखरेख आपसांत व्हावी, आणि दंड अपराधाच्या मानानें चढता असावा. आपल्याकडील नाशिक-धुळें भागांतील फड पद्धत आठवा. पांझरा, मोसम या नद्यांचें पाणी शेतकरी पाटकरी नेमून पाळीपाळीनें घेत आले, तें याच तत्त्वावर.

मध्य प्रदेशांतील तवा धरणाची हकीकत याहून मननीय आहे. त्या पाण्याखालीं ज्या आदिवासींच्या जमिनी बुडाल्या, त्यांच्याच सहकारी संस्थांच्या संघास 1996 सालीं तेथील मासेमारीचा पट्टा मिळाला. दहा वर्षें त्यांनीं तो धंदा चालविला. तें पाणी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रांत येत असल्यानें 2006 नंतर पट्टा पुढें मिळाला नाहीं. लोकांची शिस्त कितीही चांगली असली, तरी हक्क पक्का नसेल तर ती टिकत नाहीं, हा धडा त्यांतून मिळतो.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणें 1897 च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें आहे. 1996 च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलाशयांची व्यवस्था पंचायतींकडे सोंपविली. आपल्या अकोलें तालुक्यांतील अनेक गांवें त्या क्षेत्रांत मोडतात. 2006 च्या वनहक्क कायद्यांत तर माशांवरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु कागदावरील हक्क ग्रामसभेंत बसून, नियम करून वापरावा लागतो. तेथें पालकांनीं हजर राहावें, ही आमची विनंति.

प्रभूचे पहिले शिष्य ज्या गालीलाच्या समुद्रांत जाळीं टाकीत, तोही वस्तुतः गोड्या पाण्याचा तलावच होय. त्या धंद्याला कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. विद्यार्थ्यांनीं सुट्टींत एवढें करावें: गांवांतील वृद्धांस पूर्वीं ओढ्यांत मिळणाऱ्या माशांचीं नांवें विचारून लिहून घ्यावीं आणि त्यांतील आज कोणते मिळतात, त्यांवर खूण करावी. बिनखुणेचीं नांवें किती राहिलीं, तें मोजून ग्रामसभेंत वाचून दाखवावें. वादाला आरंभ करण्यास तेवढा कागद पुरे आहे.