इंजिनाच्या हेडचे पॅकिंग बसवताना



उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटू लागल्या, जमिनीत ओल हवी, आणि नेमके त्याच वेळी विहिरीवरचे डिझेल इंजिन धाप टाकू लागते. हँडल मारून दम निघतो, पण इंजिन काही धरत नाही. हेडचे पॅकिंग, म्हणजेच हेड गॅस्केट, गेलेले असते. नवे आणून घाईघाईने बसवले जाते आणि आठ दिवसांत पुन्हा तेच! एवढ्यात आऱ्यांना पाण्याचा ताण बसला की शेंगा पोचट राहतात. पॅकिंगची किंमत थोडी, चुकलेल्या पाण्याची किंमत मोठी. म्हणून हे काम एकदाच, पण नीट कसे करावे ते पाहू. इथे सांगितलेले बरेचसे जुन्या ट्रॅक्टरला, जीपला आणि जुन्या मोटारगाडीलाही लागू पडते.

पॅकिंगवर भार किती?

आपल्या ओळखीचे जुने किर्लोस्कर एव्ही-१ इंजिन घ्या. ५ हॉर्सपॉवर, मिनिटाला १५०० फेरे, सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर. या व्यासाचे क्षेत्रफळ होते सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. डिझेल पेटते तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो दाब धरला, तर हेडला वर उचलणारा जोर होतो ३००० किलो. म्हणजे क्विंटलाची ३० पोती! आणि हा दणका मिनिटाला ७५० वेळा बसतो. मधले पातळ पॅकिंग हा जोर स्वतःच्या बळावर अडवू शकत नाही. हेड आणि सिलिंडरचा माथा यांच्यामध्ये ते सगळीकडून सारखे दाबलेले असेल, तरच टिकते. एका बाजूने ढिले राहिले की तिथून वाफारा निघतो, आणि एकदा वाट पडली की पॅकिंग जळत जाते.

पॅकिंग गेले हे कसे ओळखावे?

इंजिन चालू असताना थंड करणाऱ्या पाण्यात सतत बुडबुडे येतात. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत राहते. हेडच्या सांध्याला साबणाचे पाणी लावले तर फेस फुगतो. यातले एखादेच लक्षण दिसले तर दुसरेही कारण असू शकते. दोन-तीन एकत्र दिसली तर हेड उघडावे.

एक धोक्याची सूचना. सिलिंडरमध्ये पाणी उतरल्याचा संशय असेल तर जोराने हँडल मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शंभराचे काम हजारावर जाते.

हेड उघडताना

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम हेड सोडले तर ते वाकते. पाणी काढून टाका, डिझेलचा कॉक बंद करा, सोडलेल्या नळ्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधा. सगळे नट आधी अर्धा-अर्धा आटा ढिले करा आणि मगच काढा. हेड चिकटले असेल तर लाकडी हातोड्याने बाजूने हलके ठोका. सांध्यात छिन्नी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे पुढच्या गळतीचा पाट.

जुने पॅकिंग लगेच फेकू नका, आधी नीट पाहा. काळी रेघ कुठून कुठे गेली आहे? सिलिंडरकडून पाण्याच्या भोकाकडे गेली असेल तर त्या जागी हेड बसके आहे का, हे तपासायला हवे. जुन्या तांब्याच्या पॅकिंगच्या पोटात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. म्हणून ते ओले करूनच खरवडा, फुंकर मारू नका आणि लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

सफाई आणि सपाटी

सिलिंडरमध्ये स्वच्छ फडके कोंबा आणि पाण्याची भोके बंद करा. काजळी लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने काढा, मग रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा. बोटाखाली पॉलिश पेपर धरून घासत बसू नये. त्याने खळगे पडतात आणि वाळूसारखी कच आत जाते. स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत.

आता सरळ लोखंडी पट्टी हेडवर उभ्या कडेने ठेवा: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. पट्टीखाली फीलर गेज घालून पाहा. एवढ्या छोट्या हेडखाली ०.१ मिलिमीटरचे पाते सरकत असेल, तर हेड वर्कशॉपमध्ये नेऊन घासून घ्यावे. सिलिंडरचा माथाही असाच तपासा. माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. कोणी म्हणेल, ‘दोन पॅकिंग टाकू, भागेल.’ भागत नाही! जाडी वाढली की दाब कमी होतो आणि इंजिन सुरू व्हायला कुरकुरते. फार पातळ टाकले तर पिस्टन हेडला ठोकण्याची भीती. म्हणून जुन्याइतक्याच जाडीचे, सगळी भोके जुळणारे, नवेच पॅकिंग घ्या. एकदा दबलेले पॅकिंग पुन्हा तसे दबत नाही.

वरची-खालची बाजू खूण पाहून ठरवा. पुस्तिकेत सांगितले नसेल तर रंग, ग्रीस, साबण काहीही फासू नका, कोरडेच बसवा.

आवळण्याची पद्धत

स्टडच्या आट्यांना इंजिन ऑइलचा थेंब लावा आणि नट हाताने टेकवा. चार नट असतील तर समोरासमोर, कर्णाने आवळा. जास्त असतील तर मधून सुरुवात करून बाहेर या. एकदम पूर्ण जोर लावायचा नाही. पहिल्या फेरीत एकतृतीयांश, दुसरीत दोनतृतीयांश, तिसरीत पूर्ण. खाटेची दोरी ताणताना एकच बाजू ओढली तर खाट वाकडी होते, तसेच हे.

किती जोर लावायचा हे पुस्तिकेत किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेले असते. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. नसेल तर स्प्रिंगचा तोलकाटा वापरा. समजा, आकडा ८ आहे. नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर पान्याला काटा अडकवा आणि पान्याशी काटकोन ठेवून १६ किलो दिसेपर्यंत सावकाश ओढा. १६ गुणिले अर्धा मीटर, झाले ८. (हा आकडा फक्त हिशेब समजण्यासाठी, तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या.) पान्याला लांब पाइप लावून अंगाचा जोर देऊ नका. त्याने स्टड ताणले जातात, आटे जातात.

पुशरॉड बसवून टॅपेट जुळवा. डिकॉम्प्रेशन दाबून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकते का पाहा. पाणी भरून हलक्या भाराने अर्धा तास चालवा. मग पूर्ण गार होऊ द्या आणि त्याच क्रमाने नट पुन्हा तपासा, कारण जुन्या पद्धतीचे पॅकिंग गरम झाल्यावर आणखी थोडे बसते. (नव्या प्रकारच्या काही पॅकिंगना हे लागत नाही, सोबतची सूचना वाचा.) नट आवळले की टॅपेटचे अंतर बदलते, तेही पुन्हा जुळवा.

मूळ कारण शोधा

पॅकिंग बहुधा इंजिन तापल्याने जाते. विहिरीचे पाणी जड असेल तर पाण्याच्या वाटांत चुन्याचा थर साचतो. जाळी तुंबते, पट्टा ढिला पडतो, पंपाचा भार जास्त होतो. हे तसेच राहिले तर नवे पॅकिंगही जाणार. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नका, हेड तडकते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. इंजिन गार झाल्याशिवाय हेड सोडू नये.
२. स्वच्छता आणि सपाटी आधी, पॅकिंग नंतर.
३. पॅकिंग नवे, योग्य जाडीचे, एकच.
४. नट कर्णाने, तीन फेऱ्यांत आवळावेत.
५. चालवून गार झाल्यावर नट व टॅपेट पुन्हा पाहावेत.
६. तापण्याचे कारण दूर करावे.

पाण्याची पाळी तोंडावर येण्याआधीच, इंजिन मोकळे असताना हे काम उरकून घ्या. पत्रक इंजिनाच्या खोपीत टांगून ठेवा. फिटर येईल तेव्हा त्यालाही दाखवा.