पाकिटं, प्रिंटर आणि माथेरानचा पावसाळा

सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या माथेरानात पावसाळ्यात धुकं थेट खोलीत शिरतं. अशा दमट हवेत पाकिटाच्या झाकणावरचा सुका डिंक ओलावतो आणि कोरी पाकिटं कपाटातच चिकटून बसतात. कागदाला बाक येतो तो वेगळाच. असं पाकीट प्रिंटरमध्ये हमखास अडकतं. म्हणून चार महिन्यांचा साठा एकदम भरू नये. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी. सामान घोड्यावर नाहीतर हातगाडीवर येतं, तेव्हा गठ्ठा खालीच जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून घ्यावा. वर आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आडवा ठेवावा. भिंतीला टेकवून तर नकोच.

लेझर प्रिंटरचा तापणारा रूळ २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. प्लॅस्टिकच्या खिडकीची पाकिटं त्यात वितळू शकतात. पट्टी सोलून चिकटवायची आणि धातूच्या चापाची पाकिटंही टाळावीत. ८० ते ९० जीएसएमचं, कडक घडीचं, ११० बाय २२० मिलिमीटरचं डीएल पाकीट बहुतेक यंत्रांना चालतं. घालण्यापूर्वी कडा नखाने दाबाव्यात. प्रिंटरचं मागचं झाकण उघडता येत असेल तर उघडावं, पाकीट सरळ बाहेर पडतं, सुरकुत्या कमी पडतात.