खिडकीजवळची जागा

आगगाडीत चढले की पोर आधी खिडकी धरते. मोठ्या माणसांनाही तीच जागा हवी असते. पण ती लाजतात. यात लाजायचे काय?

छत्रपती संभाजीनगरहून मनमाडकडे जाऊन पाहा. हा लोहमार्ग सन १९०० च्या सुमारास सुरू झाला. गाडी सुटली की रुळाजवळच्या बाभळी भराभर मागे पळतात. देवगिरीचा किल्ला सुमारे २०० मीटर उंच डोंगरावर आहे. तो दूर असतो तोवर आपल्याबरोबरच चालल्यासारखा वाटतो.

असे का होते? झाड पळत नाही, पळते ती गाडी. जवळचे झाड क्षणात नजरेआड होते. दूरचा डोंगर तेवढ्या वेळात जरासाच सरकलेला दिसतो. चंद्र तर फारच दूर. म्हणून तो थेट गावापर्यंत सोबत येतो.

वाटेत स्टेशनांच्या पाट्या लागतात. पूर्वी शेजाऱ्याला विचारावे लागे, "दादा, कोणतं गाव आलं?" आता तुम्हीच वाचा : दौलताबाद, पोटूळ, लासूर.

हात किंवा डोके मात्र बाहेर काढू नका. थोडा वेळ पोरालाही खिडकी द्या. ते विचारील, "झाडं का पळतात?" आता उत्तर तुमच्याजवळ आहे.