‘कट्’ या क्रियापदाचे सोयरे

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास आरंभींच जीं क्रियापदें भेटतात त्यांत ‘कट्’ हें एक होय. त्याचें रूप भूतकाळींही बदलत नाहीं. आणि असें असतांही ‘कटेड्’ लिहिणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गांत एखादा तरी निघतोच. परंतु या शब्दाची खरी अडचण रूपांत नसून अर्थांत आहे.

हा शब्द इंग्रजीच्या मानानें फारसा जुना नव्हे. सुमारें 1300 सालापासून तो लेखनांत दिसूं लागतो. तो स्कँडिनेव्हियन भाषांतून आला असावा असा तर्क आहे. त्यापूर्वीं हें काम मुख्यतः ‘कार्व्ह’ हा शब्द करीत असे. नवागतानें त्याला मागें सारलें, आणि आतां ‘कार्व्ह’च्या वांट्यास दगडालाकडावरील कोरीव काम व मेजावरचें भाजलेलें मांस एवढेंच उरलें आहे. इतर सोयरेही आपापल्या कोपऱ्यांत बसले आहेत. पातळ काप करावयाचे तर ‘स्लाइस’, घाव घालून तुकडे करावयाचे तर ‘चॉप’, वेल छाटावयाची तर ‘प्रून’, धान्य कापावयाचें तर ‘रीप’, गवत कापावयाचें तर ‘मो’. उभें झाड पाडण्यास ‘फेल्’ म्हणतात. नापास होण्याचा ‘फेल’ तो वेगळा. हें ‘फॉल’ या क्रियापदाचें प्रयोजक रूप होय. ‘पडणें’ आणि ‘पाडणें’ यांचें मराठींत जें नातें, तेंच यांचें. मात्र यांतला कोणताही शब्द न आठवला तरी इंग्रजाचें अडत नाहीं. एकट्या ‘कट्’वर त्याचा प्रपंच चालतो.

मराठी माणसाचें तसें चालत नाहीं. भाजी चिरावी, सुपारी कातरावी, केस कापावे, कणीस खुडावें, फांदी छाटावी, फूल तोडावें. ‘सुपारी चिरली’ असें कोणी म्हटलें तर घरांतलें लहान मूलही हंसेल. भाजी चिरतांना बोट कापलें तर हळद दाबून भागतें. बोट तुटलें म्हटलें तर दवाखाना गांठावा लागतो. ‘कापणें’ या शब्दांत पात्याकडे लक्ष असतें; ‘तोडणें’ या शब्दांत जोडलेलें विलग झालें याकडे. म्हणूनच दोरा दातांनीं तोडतां येतो आणि नातें शस्त्रावांचून तोडतां येतें. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 सालीं निघाला. तेव्हांपासून कोशकारांना अशा एका इंग्रजी शब्दापुढें मराठी शब्दांची रांग मांडावी लागत आली आहे.

ही रांग स्वयंपाकघरापुरती असती तर तिचें एवढें कौतुक करण्याचें कारण नव्हतें. परंतु बीड जिल्ह्यांत यांतील एका शब्दावर असंख्य कुटुंबांचें वर्ष उभें आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या कोरडवाहू तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास माणसें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत साखर कारखान्यांच्या कामास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. तीं ऊस ‘कापावयास’ जात नाहींत, ‘तोडावयास’ जातात. हा शब्द किती नेमका आहे तें फडांत गेल्यावाचून कळत नाहीं. उसाच्या बुडख्याकडे साखर अधिक असते, म्हणून घाव जमिनीलगत बसला पाहिजे. वर खुंट राहिला तर तेवढें नुकसान. शिवाय त्याच मुळांवर पुढें खोडवा फुटावयाचा असतो. ऊस मुळापासून विलग करावयाचा आणि मूळ मात्र जिवंत ठेवावयाचें, असें हें तोडणें आहे.

इंग्रजी वृत्तपत्रें या माणसांना ‘केन-कटर’ म्हणतात, आणि येथेंच भाषांतर उणें पडतें. घाव घालणें हा कामाचा केवळ पहिला भाग. मग वाढें छाटावयाचें, पाचट काढावयाचें, मोळ्या बांधावयाच्या आणि त्या डोक्यावर वाहून वाहनापर्यंत न्यावयाच्या. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते व वाहते, ही नेहमींची विभागणी. ‘कटर’ या नांवांत नवऱ्याचें काम दिसतें. बायकोचें दिसत नाहीं.

अर्थात् मराठींतही तिचें स्वतंत्र नांव नाहीं. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो. उचल दिली जाते ती कोयत्यामागें. एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. हत्याराचें नांव माणसांना, तेंही दोघांना मिळून एक! ‘हाफ सिकल’ असें याचें भाषांतर केल्यास परक्या वाचकास कोठें विळा मोडल्याची बातमी वाटेल.

आणि कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’ पडतो. कित्येक ठिकाणीं त्याबद्दल दंडही घेतला जातो. तेव्हां मात्र मराठी शब्द बदलतो: ऊस तोडला जातो, पैसे ‘कापले’ जातात. इंग्रजींत दोन्हींस ‘कट्’च. आजारपण असो वा मासिक पाळी, खाडा तो खाडाच. आणि तो टाळण्याच्या धडपडीचा संबंध या जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांशीं जोडणाऱ्या बातम्या 2019 सालीं देशभर गाजल्या. शासनाला त्याची चौकशी करावी लागली. त्या बातम्यांत ‘कटर’ हा शब्द प्रथमच ठळकपणें स्त्रीसाठीं वापरलेला अनेकांनीं वाचला असेल.

‘कटर’ऐवजीं इंग्रजींत ‘हार्वेस्टर’ म्हणावें, म्हणजे तोडण्यापासून वाहण्यापर्यंतचें सारें त्यांत येईल, अशी सूचना कोणी करील. ती व्याकरणदृष्ट्या उत्तम आहे. परंतु तो शब्द फडांत अगोदरच येऊन पोंचला आहे, आणि तेथें ‘हार्वेस्टर आला’ याचा अर्थ ऊस तोडणारें यंत्र आलें, एवढाच होतो.