एकोणतीस मिनिटांची बाजू

'शक्ती' या चमूच्या पहिल्या एलपीची दुसरी बाजू जवळजवळ २९ मिनिटांची आहे आणि तीत एकच रचना आहे. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, साउथहँप्टन कॉलेजात झालेल्या मैफिलीचं हे ध्वनिमुद्रण. गिटारवर जॉन मॅकलॉफलिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन, घटमवर विक्कू विनायकराम आणि मृदंगमवर रामनाड राघवन. कोलंबिया कंपनीने ही एलपी १९७६ मध्ये काढली. जॅझ आणि आपलं रागसंगीत यांचा इतका सहज मेळ त्याआधी कुणी घातला नव्हता, असं मी ठामपणे म्हणेन. पण एलपीच्या एका बाजूला साधारण १८ ते २२ मिनिटंच सुखाने मावतात. त्यापुढचं प्रत्येक मिनिट कशाच्या तरी बदल्यात मिळतं. कशाच्या, हे समजलं की जुन्या रेकॉर्डी नव्याने काढण्यात खरी मेहनत कुठे आहे तेही समजतं.

रेकॉर्डच्या एका बाजूवर एकच चर असतो, काठापासून आत वळत जाणारा. मिनिटाला ३३⅓ फेरे या गतीने २९ मिनिटांचे ९६७ च्या आसपास फेरे होतात. ते बसवायला काठापासून लेबलापर्यंत जेमतेम साडेआठ सेंटिमीटर जागा. दर फेऱ्याच्या वाट्याला मिलिमीटरचा अकरावा हिस्साही पुरता येत नाही. आणि चराला तर झुलायचं असतं. त्याचं झुलणं म्हणजेच आवाज. खर्जाचा स्वर त्याला सगळ्यात रुंद झुलवतो. झाकीरभाईंनी डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा काढला, की चर शेजारच्या फेऱ्यावर जाऊन आदळायला बघतो. म्हणून कोरतानाच खर्ज कमी करून आणि उंच स्वर वाढवून घेतात, आणि वाजवताना अँप्लिफायर ते उलट करून मूळ तोल परत आणतो. हे प्रमाण १९५४ मध्ये ठरलं आणि पुढे जगभर रुळलं. तरीही २९ मिनिटं बसवायची तर सगळाच आवाज खाली आणावा लागतो. आवाज खाली आला, की रेकॉर्डची खरखर त्या मानाने वर येते.

दुसरी अडचण आपल्या संगीतासाठी जास्त जाचक आहे. काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर चर सरकतो. लेबलाजवळ येईतो तेवढ्याच वेळात फक्त २१. तेवढीच माहिती निम्म्याहून कमी लांबीत कोंबली जाते आणि बारीक, टोकदार आवाज फाटायला लागतात. आपली मैफल चढते कशी? विलंबितातून बढत करत द्रुतात, शेवटी सवालजवाब, मग तिहाई. म्हणजे जिथे तबल्याच्या चाटेवरचा प्रत्येक 'ना' सुटा ऐकू यायला हवा, नेमकी तिथेच रेकॉर्ड सगळ्यात दुबळी. लांब पल्ल्याच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचीही हीच व्यथा. 'येस' या इंग्लिश बँडच्या १९७२ च्या 'क्लोज टू द एज'चं शीर्षकगीत अख्खी एक बाजू व्यापतं आणि तेही शेवटाकडे फुलत जातं.

कोरणारा कारागीर म्हणूनच महत्त्वाचा. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर असतो. त्यात तापवलेल्या माणकाच्या किंवा नीलमाच्या टोकाने चर कोरतात. शांत जागी फेरे जवळ आणायचे, घुमारा येण्याआधी त्यांना अंतर द्यायचं, हे त्याचं कसब. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल ध्वनिमुद्रण आणि चकती दोन्ही अर्ध्या गतीने चालवून कोरतात. टोकाला दुप्पट वेळ मिळतो आणि उंच स्वर नीट उतरतात. ही लॅकरची चकती जगात फार थोडे लोक बनवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, तेव्हा मोठा पुरवठादार म्हणून जपानची एकच कंपनी उरली.

कोरलेल्या चकतीवर चांदीचा पातळ थर चढवतात, मग निकेलचा. निकेल सोलून काढलं की उलटा साचा मिळतो, त्यापासून सुलटा, आणि सुलट्यापासून पुन्हा उलटा ठसा. अशा एका ठशातून हजारेक रेकॉर्डी निघतात, मग तो झिजतो. दाबयंत्रात पीव्हीसीचा गरम गोळा दोन ठशांमध्ये ठेवतात, वरखाली कोरडी भाजलेली लेबलं. शंभर टनांहून जास्त दाब, दीडशे अंशांच्या आसपास उष्णता. लेबलाला गोंद लागत नाही, ते प्लॅस्टिकमध्येच रुतून बसतं. अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार.

हे सगळं चालतं वाफेवर. ठशामागच्या पोकळीतून आधी वाफ सोडायची, लगेच थंड पाणी. आम्हा ढोकीकरांना यात परकं काही वाटू नये. आमच्या तेरणा साखर कारखान्यात रस आटवणं असो की टर्बाइन फिरवणं, बॉयलर बसला की गाळप बसलं. रेकॉर्डच्या कारखान्याचंही तसंच आहे. पाणी लवकर सोडलं तर चर पुरता भरत नाही आणि सुईखाली फाटल्यासारखा आवाज येतो. रेकॉर्ड गरम असतानाच उचलली तर ती वाकते. महागडी १८० ग्रॅमची रेकॉर्ड घेऊनही ती बशीसारखी निघाली, तर दोष वजनाचा नसतो, घाईचा असतो.

देशात हे काम दीर्घकाळ मुख्यतः कोलकात्याजवळ दमदमला चाललं. ग्रामोफोन कंपनीचा तिथला कारखाना १९२८ चा. गावोगावच्या मांडवांत लाउडस्पीकरवाल्यांनी वाजवलेल्या एचएमव्हीच्या कितीतरी रेकॉर्डी तिथूनच आल्या. कॅसेट आली, १९९० च्या दशकात दाबणी थांबली, यंत्रं गेली आणि जाणते हातही पांगले. अमेरिकेत मात्र २०२२ मध्ये रेकॉर्डी सीडींपेक्षा जास्त खपल्या. १९८७ नंतर असं प्रथमच घडलं. आपल्याकडे दाबणी पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडलं, तीही मुंबईत.

पण दाबणी ही शेवटची पायरी. पहिला प्रश्न मूळ फितीचा: ती कुठे आहे, कोणत्या पिढीची आहे, चिकट झाली आहे का. 'मूळ फितीवरून' असं पाकिटावर छापणं सोपं आहे. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या रेकॉर्डी निव्वळ ॲनालॉग म्हणून नावाजल्या जात. मधे डिजिटल पायरी आहे हे २०२२ मध्ये उघड झालं, तेव्हा गिऱ्हाईक खवळलं. मला त्यात डिजिटलचा दोष दिसत नाही, लपवण्याचा दिसतो. स्टीव्हन विल्सन यांनी किंग क्रिमसन आणि जेथ्रो टल यांच्या जुन्या बहुपदरी फितींचं नवं मिश्रण संगणकावरच केलं. ते उघडपणे केलं आणि ऐकायला उत्तम झालं. 'शक्ती'ची ती रचना उद्या कुणी पुन्हा कोरायला घेतली, तर ती ४५ च्या गतीने आणि दोन बाजूंवर वाटून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मधे उठून बाजू बदलावी लागेल. लागू दे. शेवटचं द्रुत तरी मोकळ्या जागेत वाजेल.

मुंबईत जन्मलेल्या अशा संगीताला नवी आवृत्ती मिळाली ती बहुतेक परदेशी हातांनी. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' हा सत्तरच्या दशकातला मुंबईचा रॉक बँड. त्यांची 'ऑब्सेशन' १९८१ मध्ये आली आणि हरवली. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नाऊ-अगेन कंपनीने ती बाहेर काढली. तालवादक त्रिलोक गुर्टूंची १९८८ ची 'उसफ्रेट' तर मुळातच जर्मनीच्या सीएमपी कंपनीची. तीत त्यांच्या आईचा, बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टूंचा ठुमरीचा गळा आहे, शेजारी डॉन चेरीचा ट्रंपेट आणि राल्फ टाउनरची गिटार. जॅझ फ्यूजनमधला इतका आपल्या मातीचा आवाज महाराष्ट्रात किती घरांत वाजला असेल? मुंबईच्या दाबयंत्रावर काय दाबावं असं कुणी विचारलं, तर मी आधी हिचं नाव घेईन.

वादकांकडूनच विचारून घेण्यासारखंही बरंच आहे: कोण कुठल्या वाद्यावर होतं, कुठल्या स्टुडिओत, फीत कुणाकडे राहिली. चरणजित सिंगांचंच पाहा. ते मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत वाजवत. १९८२ मध्ये त्यांनी सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा रागांची एलपी केली; ती चालली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती जुन्या रेकॉर्डी धुंडाळताना सापडली. त्याने मुंबईत येऊन सिंगांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा काढली. युरोपातल्या तरुणांपुढे सिंगांनी तेच राग त्याच यंत्रांवर मंचावर वाजवले. २०१५ मध्ये ते गेले.