एक पाय आखूड आहे? आधी मोजा, मग चपलेला उंची द्या



बैठकीत कंबरदुखीचा विषय निघाला की बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, "कामच तसं आहे गं!" खुरपणी, हंडे, मोळ्या, खोटं काहीच नाही. पण काही जणींच्या दुखण्याचं मूळ पायात असतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, म्हणून प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला झुकते. अशा वेळी आखूड पायाच्या चपलेला उंची दिली तर पुष्कळ आराम पडतो. मात्र उंची चुकली तर दुखणं वाढतं.

पाय आखूड का होतो?

लहानपणी मोडलेलं हाड नीट न जुळणं, हाडात पू होणं, जन्मतःच खुब्याचा सांधा निखळलेला असणं ही काही कारणं. पोलिओ हे आणखी एक. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला, पण त्याआधी पोलिओ झालेल्या कितीतरी बाया आज आपल्या गटांत आहेत.

काही वेळा हाडं सारखीच असतात, पण गुडघा किंवा खुबा आखडल्यामुळे पाय आखूड दिसतो. तिथे बहुधा आधी व्यायाम लागतो. नुसती चपलेची उंची वाढवून मूळ दुखणं जात नाही.

ओळखायचं कसं?

साडीच्या निऱ्या एकाच बाजूला लोळतात का? एकच चप्पल लवकर झिजते का? आरशात एक खांदा खाली दिसतो का? मग घरी एवढं करून बघा. अनवाणी, दोन्ही गुडघे सरळ ठेवून उभ्या राहा. मैत्रिणीला मागून कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवायला सांगा. एक हात खाली वाटला तर त्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवत जा. दोन्ही हात एका पातळीत आले की पुठ्ठ्यांची जाडी पट्टीने मोजा. हा नुसता अंदाज झाला. नक्की माप हाडांच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं. ते टेपने मोजतात, गरज पडली तर एक्स-रे काढतात.

थोडा फरक पुष्कळ जणांच्या पायात असतो. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल आणि काही दुखत नसेल, तर बहुधा काहीच करावं लागत नाही.

उंची देताना

• सगळा फरक एकदम भरून काढू नका. शरीराला वर्षानुवर्षांची सवय झालेली असते. अर्ध्या सेंटिमीटरने सुरुवात करा. दोन-तीन आठवड्यांनी त्रास नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी वाढवा. पूर्ण फरक भरायलाच हवा असं नाही.

• एक सेंटिमीटरपर्यंतची उंची बंद बुटात टाचेखाली पॅड ठेवून जमते. त्याहून जास्त असेल तर टाच बुटातून वर सरकते. मग चांभारदादांकडून बाहेरून सोल चढवून घ्या.

• जास्त उंची नुसती टाचेला देऊ नका. चवड्याखालीही द्या, टाचेपेक्षा थोडी कमी. नाहीतर पाय पुढे घसरतो.

• सोल हलका पण टणक हवा. मऊ स्पंज महिन्याभरात दबतो. तळ रुंद ठेवा, म्हणजे पाय मुरगळणार नाही. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. चिखलात ती पायातून निसटत नाही.

उंबऱ्याबाहेरची चप्पल

आपली खरी अडचण इथे आहे. चप्पल आपण दारात काढतो. मग चूल, धुणं, झाडलोट सगळं अनवाणी. म्हणजे उंचीची चप्पल पायात असते ती फक्त बाजारात जाताना! म्हणून घरात घालायला तेवढ्याच उंचीचा दुसरा जोड करून घ्या. एकदम पैसे निघत नसतील तर गटातून छोटं अंतर्गत कर्ज घेता येईल. हा खर्च शौकाचा नाही.

फरक मोठा असेल आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून साधनांसाठी मदत मिळते. तिला उत्पन्नाची अट आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

इथे थांबू नका

बाळाचा लंगोट बदलताना एक मांडी नीट उघडत नसेल, किंवा लेक चालताना लंगडत असेल, तर लगेच दाखवा. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना सांगा. हाडं वाढत असतात तोवर फरक कमी करण्याचे काही उपाय करता येतात. वाढ थांबल्यावर ते हातातून जातात. "लोक काय म्हणतील, उद्या लग्न कसं जमेल" म्हणून मुलीचं लंगडणं लपवलं, तर नुकसान तिचंच होतं.

आणि घरातली म्हातारी पडली, तिला उभं राहता येईना आणि पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर चोळू नका, ओढू नका. खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

पुढच्या बैठकीत पुठ्ठे आणि पट्टी घेऊन बसा. कुणाला "लंगडी" म्हणून हाक मारत असाल तर ते त्याच दिवशी बंद करा. आणि जिची कंबर वर्षानुवर्षं दुखतेय, तिच्यापासून मोजायला सुरुवात करा.