सातबाऱ्यावरचं टिंब

आज थोडं गणित आहे, तेव्हा कागद-पेन जवळ घेऊन बसा. घरात सातबारा असेल तर तोही डब्यातून बाहेर काढा.

गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई दोन कागद घेऊन आली. एक वडिलांच्या वेळचा सातबारा, घडीवर फाटलेला. त्यावर क्षेत्र लिहिलेलं ३.१०. दुसरा नवा, वारस म्हणून तिचं आणि भावाचं नाव लागल्यावर काढलेला. त्यावर १.३१.५०. ताई म्हणाली, "तीन होते, एक राहिला. दोन एकर भावाने परस्पर विकले." त्या वर्षी ती भाऊबीजेलाही गेली नव्हती.

जमीन एका फुटानेही कमी झालेली नव्हती. बदललं होतं ते माप.

जुना कागद एकर-गुंठ्यांत होता. ३.१० म्हणजे तीन एकर दहा गुंठे. नवा हेक्टर-आरमध्ये आहे. १.३१.५० म्हणजे एक हेक्टर, एकतीस आर, पन्नास चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, नेमकं सांगायचं तर २ एकर १९ गुंठ्यांना थोडं कमी. म्हणून आकडा लहान दिसतो.

आता हा गुंठा आला कुठून ते ऐका. पेशवाईत आपल्याकडे जमीन काठीने मोजत. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर. हात कुणाचा, मूठ कुणाची, हा प्रश्न तेव्हाही पडतच असणार! पुढे इंग्रजांनी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांकरवी नव्याने पाहणी सुरू केली. त्या पद्धतीची मोजणी मुंबई इलाख्यात पसरली आणि एकर-गुंठा आपल्या तोंडी बसला. मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. साखळीचे सोळा भाग केले की एकेक आणा. जुन्या टिपणांत साखळी आणि आणे लिहिलेले दिसतात ते हेच.

३३ फूट म्हणजे ११ वार. आपलं नऊवारी लुगडं पसरा, त्याला दोन वार जोडा, झाली गुंठ्याची एक बाजू. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा एका आजीने लगेच अंगणात पावलं टाकून पाहिली.

मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्या पद्धतीत १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा म्हणजे एक आर, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच आहेत. गुंठ्याची बाजू जेमतेम तीन बोटं जास्त भरते. गुंठा १,०८९ चौरस फूट, आर साधारण १,०७६. म्हणून लोक बोलताना आरलाच गुंठा म्हणून टाकतात. दोन-चार गुंठ्यांना चालेल, पण शंभर गुंठ्यांमागे सव्वा आरचा फरक पडतो.

खरी गोम मात्र त्या टिंबात आहे. हेक्टर-आरमधलं पहिलं टिंब रुपये-पैशांसारखं आहे, शंभर झाले की पुढचा एक. एकर-गुंठ्यातलं टिंब तसं नाही. तिथे चाळीस झाले की पुढचा एक. ३.१० म्हणजे 'तीन पूर्णांक दहा शतांश एकर' नव्हे. दहा गुंठे म्हणजे पाव एकर, तेव्हा ते सव्वातीन एकर आहेत. (जिथे जुन्या कागदावर एकर-डिसमिल लिहीत, तिथे शंभर डिसमिलचा एकर असतो. कागदाच्या रकान्यावर काय लिहिलंय ते आधी बघा.)

ही चूक मीही केली, बीए असून. बहीण-भावाचे दोन सारखे हिस्से काढायचे म्हणून मी मोबाइलवर ३.१० भागिले २ केलं. आलं १.५५. आता एक एकर पंचावन्न गुंठे असं काही असतं का? चाळीसलाच एकर संपतो. तरी 'दीड एकराला थोडं जास्त' म्हणून मी पुढे गेले असते, तर १.५५ एकराचे ६२ गुंठे धरले गेले असते. बरोबर हिस्सा आहे ६५ गुंठे. तीन गुंठे म्हणजे सव्वातीन हजार चौरस फूट. घर बांधून पुढे परसबाग करावी एवढी जागा हिशेबातच गेली असती, कुणी चोरी न करता.

म्हणून आमच्या गटात एक रीत ठरली. आधी सगळ्याचे गुंठे करायचे. तीन एकर गुणिले चाळीस, १२०. वरचे दहा मिळवून १३०. वाटणी इथेच करायची, १३० भागिले २, म्हणजे ६५ गुंठे, एक एकर पंचवीस गुंठे. आर हवे असतील तर गुंठ्यांना १.०११७ ने गुणा. १३० चे १३१.५२ आर होतात, म्हणजे १.३१.५२. ताईच्या उताऱ्यावर १.३१.५०. दोन चौरस मीटरचा फरक, एक बाज टाकण्यापुरता.

उलटं करायचं तर आरना ०.९८८४ ने गुणायचं. मोबाइल नसेल तर शंभरामागे एक वजा करा, अंदाज येतो. १३१ मधून एक-सव्वा गेला, राहिले १३० च्या आसपास.

जुना-नवा कागद ताडताना आणखी एक बघा. सातबाऱ्यावर लागवडीचं क्षेत्र वेगळं आणि पोटखराबा वेगळा लिहितात. ओढा, खडक, वाट पोटखराब्यात जाते. दोन्हींची बेरीज करून मगच जुन्या आकड्याशी ताडा. आणि बेरीज करूनही मोठी तफावत राहिली, तर फेरफार मागा. क्षेत्र का बदललं ते तिथे लिहिलेलं असतं. तोवर कुणावर आळ घेऊ नका.

ताईने भावाला फोन केला तो बैठक संपायच्या आत, आमच्यासमोरच. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "अगं, मलाही वाटत होतं तूच कुठे सही केलीस की काय."

पुढच्या बैठकीसाठी एक गणित देते. उताऱ्यावर ०.६०.०० आहे. किती एकर, किती गुंठे आणि वर किती आणे?